मिरवणुकीत पद्मावती बोट का नव्हती?

१४ एप्रिलच्या रात्री साडेनऊच्या सुमारास मी पैठण गेटजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर दोन मुलांना घेऊन उभी होते. एक माझी सहा वर्षांची मुलगी आणि दुसरा माझ्या बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा. दोघांना नवे पांढरे कपडे, गळ्यात निळे उपरणे. आठवडाभर घरात एकच विषय होता, मिरवणूक बघायला कधी जायचे. माझ्या लहानपणी वडील मला खांद्यावर बसवून हीच मिरवणूक दाखवायचे. तोच आनंद मुलांना द्यायचा म्हणून मी गेले होते.

पहिली गाडी आली. दुमजली घराएवढी स्पीकरची भिंत, तिच्यावर फिरणारे लेझर दिवे, मागे जनरेटर. दुसरी आली, तीही तशीच. तिसरीच्या पुढे पोरे नाचत होती आणि दुकानाचे शटर थरथरत होते. मुलीने दोन्ही कान घट्ट दाबून माझ्या पोटात डोके खुपसले. भाच्याने ओरडून विचारले, "मावशी, ह्या गाडीत काय आहे?" मी ओरडून म्हणाले, "जयंतीची गाडी आहे रे." तो पुन्हा म्हणाला, "पण गाडीत काय आहे?"

गाडीत स्पीकर होते. दुसरे काही नव्हते.

मुलगी रडायला लागली तेव्हा आम्ही गर्दीतून वाट काढत मागच्या गल्लीत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती म्हणत होती, "आई, कानात शिट्टी वाजते." घरी परतताना तिला गप्प करायला मी महाडची गोष्ट सांगितली. चवदार तळ्याची गोष्ट मुलांना अर्धीमुर्धी ठाऊक होती. बोटीची ठाऊक नव्हती. बाबासाहेब आणि त्यांचे सोबती बोटीत बसून सत्याग्रहाला गेले हे ऐकल्यावर मुलीचे रडे थांबले. भाच्याने सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारले, "मग मिरवणुकीत ती बोट का नव्हती?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मला वाटते, आपल्यापैकी कोणाकडेच नसेल.

आधी बोटीची गोष्ट

आपल्या अनेक कार्यकर्त्यांना २० मार्च १९२७ पाठ आहे आणि २५ डिसेंबर १९२७ पाठ आहे. मधला २४ डिसेंबर आपण विसरतो.

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, नाताळच्या सुटीत.

आता प्रश्न होता महाडला जायचे कसे. तेव्हा एसटी नव्हती. मुंबईहून जवळची वाट म्हणजे बोटीने धरमतरला उतरायचे आणि पुढे खासगी मोटारीने महाड गाठायचे. पण मोटारमालक सवर्णांच्या बाजूचे. त्यांनी अस्पृश्यांना गाडीत घ्यायला नकार दिला तर धरमतरपासून महाडपर्यंत ४० मैलांहूनही जास्त पायी जावे लागणार. दुसरी वाट लांबची. बोटीने थेट दासगाव बंदराला जायचे, तिथून महाड फक्त ५ मैल. मोटार मिळाली नाही तरी माणसे चालत पोचतील.

बाबासाहेबांनी लांबची वाट निवडली. २४ डिसेंबर १९२७ रोजी ते आणि त्यांचे सोबती 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. बंदरावर सत्याग्रही वाट पाहत होते. तिथून लोक मिरवणुकीने महाडकडे चालत निघाले. त्याच रात्री परिषदेच्या मंडपासमोर मनुस्मृतीचे दहन झाले.

हे मुलांना कसे सांगाल? मी असे सांगितले. क्रांती चौकातून जालन्यापर्यंत चालत जायचे म्हणजे साधारण ४० मैल. क्रांती चौकातून चिकलठाण्यापर्यंत चालायचे म्हणजे साधारण ५ मैल. तुम्हाला बसमध्ये कोणी घेणार नाही हे आधीच माहीत असेल, तर तुम्ही कोणती वाट घ्याल? भाचा लगेच म्हणाला, "बोटवाली."

नऊ वर्षांच्या मुलाला त्या क्षणी दोन गोष्टी कळल्या. बहिष्कार म्हणजे काय हे एक, आणि बहिष्कार होणार हे गृहीत धरून आखणी करणारा नेता म्हणजे काय हे दुसरे. यासाठी मला भाषण द्यावे लागले नाही. एक बोट पुरली.

ही टीका आपली आहे, त्यांची नाही

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हा लेख कोण कुठे कसा वापरेल हे मला माहीत आहे.

दरवर्षी एप्रिल आला की काही लोकांना अचानक ध्वनिप्रदूषणाची आठवण होते. त्यांना सप्टेंबरात होत नाही, लग्नसराईत होत नाही, निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत तर अजिबात होत नाही. डेसिबल मोजायचे यंत्र त्यांच्याकडे फक्त निळ्या झेंड्यासाठी असते. त्यांचा त्रास आवाजाचा नाही. कालपर्यंत ज्यांनी मान खाली घालून जायचे, ते आज गुलमंडीवरून नाचत जातात, हा त्यांचा त्रास आहे. त्या मंडळींना माझे काही सांगणे नाही. त्यांनी हा लेख वाचूच नये.

आणि त्या गाडीपुढे नाचणाऱ्या पोरांनाही मी नावे ठेवत नाही. मी त्यांना ओळखते. वर्षभर वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर राबणारी, गॅरेजमध्ये, मंडईत, बांधकामावर अंग मोडून काम करणारी ही मुले आहेत. त्यांना वर्षातून एका रात्री रस्ता आपला वाटतो. या शहरात ते साधे नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्यांनी काय भोगले ते आपल्या घराघरात माहीत आहे. पोचीराम कांबळे यांना जाळून मारले गेले. गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्या मराठवाड्याच्या राजधानीत भरचौकात मोठ्याने 'जय भीम' म्हणणे हे राजकीय कृत्य आहे. ते कालही होते, आजही आहे.

म्हणूनच विचारायचे की, इतक्या किमतीने मिळवलेला रस्ता आपण कशाने भरतो आहोत?

संविधानाच्या अनुच्छेद १५ चा दुसरा खंड काढून बघा. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते हे शब्द तिथे एकापाठोपाठ आले आहेत. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा सर्वांसाठी असलेल्या या जागा कोणालाही जातीच्या कारणाने नाकारता येणार नाहीत. चवदार तळे आणि क्रांती चौकातला रस्ता एकाच वाक्यात आहेत. जयंतीची मिरवणूक म्हणजे त्या वाक्याची दरवर्षी होणारी अंमलबजावणी आहे. महाडला लोक तळ्यावर गेले ते हक्क बजावायला. तसेच आपण रस्त्यावर येतो. मग त्या रस्त्यावर सहा वर्षांची मुलगी तासभरही उभी राहू शकत नसेल, तर तो हक्क कोणाचा राहिला?

कोण मागे सरकले?

त्या रात्री मी आजूबाजूला पाहिले. गाडीपुढे सगळे तरुण पुरुष. बायका कडेला, ओट्यावर, दुकानांच्या पायऱ्यांवर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली जवळजवळ नाहीतच. म्हातारी माणसे संध्याकाळीच भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर नमन करून घरी गेलेली. लहान मुले कडेवर, कानात बोटे घालून.

मिरवणूक पुढे गेली आणि समाजाचा अर्ध्याहून जास्त भाग कडेला राहिला. हे कोणी मुद्दाम केले नाही. आवाज वाढला, रात्र वाढली, गर्दीची धक्काबुक्की वाढली आणि आया-बहिणी आपोआप मागे सरकल्या. महाडच्या त्याच डिसेंबरातल्या परिषदेला बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी वेगळे भाषण केले होते. बायका परिषदेला आल्या होत्या म्हणून ते भाषण झाले. २५ डिसेंबर हा दिवस आज अनेक संघटना भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. आणि आपल्या जयंतीच्या रस्त्यावर बाई प्रेक्षक झाली आहे, तीही कोपऱ्यातली.

मुलांच्या कानाचे म्हणाल, तर त्यात भावनेचा प्रश्न नाही. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणे ही मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर हे आकडे हास्यास्पद वाटतात. पण कान आपल्याच लेकरांचे आहेत. पोलिसांनी गुन्हा नोंदवला की नाही हा मुद्दाच नाही. 'त्यांच्या मिरवणुकीत चालते मग आमच्या का नाही' हे उत्तर पोलिसाला देता येईल. मुलीला देता येत नाही.

चित्ररथ कुठे गेले?

आपल्याकडे दाखवण्यासारखे काही नव्हते म्हणून स्पीकर आले, असे नाही. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती केली असे मानले जाते. तेव्हापासून या सणाला देखावा, गाणे, भाषण आणि मिरवणूक यांची जोड आहे. जलशांनी गावोगाव चळवळ नेली. वामनदादा कर्डकांनी गाण्यातून जे सांगितले ते शाळेत न गेलेल्या आजीलाही कळले. माझ्या आजीला वाचता येत नव्हते, पण पुणे करार म्हणजे काय हे ती सांगू शकत असे, कारण ते तिने जलशात ऐकले होते. गाणे हा आपल्या लोकांचा वर्ग होता. आता गाणे आहे, पण त्याचा शब्द ऐकू येत नाही. छातीत धडधडतो तो फक्त ठोका.

अजूनही काही मंडळे चित्ररथ करतात, हे मान्य. त्या रात्री मला तीन दिसले. एकात बाबासाहेब सिंहासनावर, दुसऱ्यात त्यांच्या मूर्तीवर फुलांचा पाऊस पाडणारे यंत्र, तिसऱ्यात संसद भवन आणि हातात संविधान. तिसरा चांगला होता. पण पहिल्या दोघांत आणि कुठल्याही देवाच्या गाडीत फरक काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले होते की, धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण त्यांनाच सिंहासनावर बसवले आणि मुलांना हात जोडायला सांगितले. मूल हात जोडते आणि पुढे जाते. त्याला प्रश्न पडत नाही. बोट पाहिली असती तर प्रश्न पडला असता. बाबासाहेब बोटीत का बसले? मोटारीने का गेले नाहीत? मोटारवाला कोण होता?

प्रश्न पडणे हीच आंबेडकरी शिक्षणाची सुरुवात आहे.

बोटी एकच नाहीत

मुलांना बोट आवडते. मराठवाड्याच्या मुलांना तर जास्तच, कारण आपल्याकडे समुद्र नाही. कोकणात नारळी पौर्णिमेला कोळी बांधव होड्या सजवतात, मुले किनाऱ्यावरून बघतात. आपल्या मुलांनी बोट पाहिली ती चित्रात. मग दाखवू या की त्यांना बोटी. बाबासाहेबांच्या आयुष्यात त्या एकीमागून एक आहेत.

१९१३ ची बोट. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात निघाला आहे.

१९१७ ची बोट. लंडनहून त्यांचे सामान आणि जमवलेली पुस्तके घेऊन येणारे जहाज पहिल्या महायुद्धात पाणबुडीने बुडवले. पुस्तके समुद्रात गेली. आणि एवढे शिकून आलेल्या माणसाला त्यानंतर बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पुस्तके समुद्राने घेतली, खोली जातीने नाकारली. हे दोन शेजारी-शेजारी दाखवा. दहावीच्या मुलाला वेगळा धडा लागणार नाही.

१९२७ ची पद्मावती.

१९३० ची बोट. ऑक्टोबरात बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले आहेत. कोट्यवधी अस्पृश्यांचे म्हणणे जगासमोर मांडायला तिथे दोनच प्रतिनिधी होते, ते आणि मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन.

चार हातगाड्या किंवा चार ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यांवर बांबू, पुठ्ठा, जुन्या साड्या आणि निळा रंग. प्रत्येक बोटीवर मोठ्या अक्षरांत वर्ष आणि एक वाक्य. बोटीत आपल्याच वस्तीतली मुले-मुली. झाली आपली बोटींची मिरवणूक. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात चारही होतील आणि वर मुलांना वह्या वाटता येतील.

आपल्या गावचे तळे

पाचवा चित्ररथ मी या शहरासाठी मागते. तो बोटीचा नाही, पाण्याचाच आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ते दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या लोकांपैकी काहींनी दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की अस्पृश्यांनी पाणी बाटवले. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. दिवस रमजानचे होते. तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमावाकडे उत्तर नव्हते. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई देऊन, त्यांना आत सोडले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

आपल्या शहरापासून अर्ध्या तासावरची ही जागा आहे. शाळेच्या सहली तिथे जातात. किती मुलांना मार्गदर्शक हे सांगतो?

काही जण ही गोष्ट आनंदाने उचलतील, मुसलमानांविरुद्ध वापरायला. म्हणून तिच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवायची. १९२७ च्या डिसेंबरात महाडमध्ये परिषदेच्या मंडपाला सवर्णांनी जागा मिळू दिली नाही, तेव्हा जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. आणि मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने. दौलताबाद आणि महाड एकत्र पाहिले की मुलाला कळते, जात ही सगळ्या धर्मांत शिरलेली कीड आहे आणि तिच्याविरुद्ध उभी राहणारी माणसेही सगळीकडे असतात. आज या शहरात धर्माच्या नावाने आग लावायला टपलेल्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

शिवाय पाण्याचा विषय मुलांना समजावून सांगावा लागत नाही. पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर असून या शहराच्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. टँकर आला की हंडा-ड्रम घेऊन धावणारी आपलीच मुले आहेत. कोणत्या वसाहतीला आधी पाणी मिळते आणि कोणती वस्ती शेवटी राहते हे त्यांना पाठ्यपुस्तकाविना माहीत आहे. चवदार तळ्याच्या चित्ररथामागे रिकामे हंडे घेऊन वस्तीतली मुले चालली, तर तो इतिहासाचा देखावा राहणार नाही. ती मागणी होईल. मिरवणूक पुन्हा मोर्चा होईल.

विरोध ऐकू या

मंडळातल्या दोन-तीन भावांशी मी बोलले. त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे.

एक म्हणाला, "ताई, डीजे नसेल तर पोरे येत नाहीत." असेल. पण पोरांना आपण दुसरे काय दिले? ज्या पोराने पंधरा दिवस खपून बोट बांधली, ते पोर तिच्यामागे चालणारच. नाचायचे असेल तर नाचू दे. लेझीम आहे, ढोल आहे, शब्द ऐकू येतील एवढ्या आवाजातली भीमगीते आहेत. नाच बंद करा असे मी म्हणतच नाही.

दुसरा म्हणाला, "बाकीच्यांची मिरवणूक दणक्यात आणि आपलीच शांत? लोक म्हणतील हे दबले." हा मुद्दा मला खरा अवघड वाटतो. स्पर्धा आहे आणि तिच्यात आपण कमी दिसायचे नाही ही भावना आत्मसन्मानातूनच येते. पण महाडची दुसरी परिषद आठवा. विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. हजारो सत्याग्रही जमले होते, रक्त तापलेले होते. तरी बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे तहकूब करायला लावले आणि लढाई न्यायालयात नेली. लोक त्या दिवशी पाणी न पिता परतले. ते दबले का? १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. विरोधकाने जे हत्यार निवडले तेच आपण उचलायचे, असा आपला इतिहास नाही. त्यांनी मोटारी अडवल्या तर आपण बोट काढली.

तिसरा काहीच बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "माझीपण पोरगी घाबरते. मी तिला आणतच नाही." तो स्वतः मंडळाचा पदाधिकारी आहे. जयंतीच्या मिरवणुकीचा आयोजक आणि त्याची मुलगी घरी. यापुढे मला युक्तिवाद करायची गरज वाटली नाही.

काय करू या

मागणी मोठी नाही. पहिली गोष्ट, संध्याकाळचे पहिले दोन तास मुलांचे. क्रांती चौकातून सगळ्यात आधी मुलांची मिरवणूक निघेल, डीजे त्यानंतर. पुढे मुली, हातात त्यांनीच रंगवलेले फलक. दुसरी, प्रत्येक मंडळाचा किमान एक चित्ररथ ज्यात गोष्ट असेल, आणि ती गोष्ट दोन मिनिटांत सांगणारी एक व्यक्ती सोबत चालेल. तिसरी, हे चित्ररथ भाड्याने आणायचे नाहीत. वस्तीतल्या विहारात, रविवारच्या वर्गात, मुलांनीच बांधायचे. बांधताना ती जे विचारतील तेच खरे प्रबोधन. नागसेनवनात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकेक विहार वाटून घेतले तर हे दोन महिन्यांत होईल. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी याच शहरात १९५० साली काढले, ते आपल्यातल्या शिकलेल्याने मागच्याला हात द्यावा म्हणूनच.

आणि एक तारीख लक्षात ठेवा. २४ डिसेंबर २०२७. पद्मावती निघाली त्याला त्या दिवशी १०० वर्षे होतील. शताब्दीला महाडमध्ये मंच उभे राहतील, नेते येतील, हार-तुरे होतील. ते होऊ दे. आपण या शहरातून मुलांना घेऊन दासगावला जाऊ. बंदर दाखवू. आणि तिथून महाडपर्यंत ५ मैल त्यांच्याबरोबर चालू, १९२७ ची माणसे चालली तसे. लहानांना मधे उचलून घेऊ. वाटेत गोष्ट सांगू.

त्याआधी येत्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीतून एक बोट निघणार आहे. भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी फ्रिजचे दोन खोके मिळवले आहेत. बोटीच्या पुढच्या टोकाला उभे कोण राहणार यावरून भांडण सुरू आहे. माझ्या मुलीचे म्हणणे आहे की तीच राहणार, कारण बोटीत शिट्टी वाजवायला कोणीतरी हवेच, आणि तिला शिट्टी कशी वाजते ते माहीत आहे.

तुमच्या वस्तीतून काय निघणार आहे?

जय भीम.